मोटरवेला मराठीत काय म्हणायचं?

माजिवडेकर: ब्रिटनमधल्या रस्त्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. तिथे १९४९ च्या कायद्याने 'विशेष रस्ते' असा वेगळा वर्ग केला, ठरावीक वाहनांपुरता. १९५८ साली प्रेस्टनजवळ त्यातला पहिला मोटरवे सुरू झाला, जेमतेम १३ किलोमीटर. पुढच्या वर्षी एम-१. मी 'द्रुतगती महामार्ग' लिहिलं, तर मुलगी म्हणते, "म्हणजे आपला ठाण्याच्या तीन हात नाक्याचा?" तिथे अडलोय.

ऐरोलीकर: मुलीचं बरोबर आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावर रिक्षा चालते, बाइक चालते. पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर दोन्हींना बंदी, आणि तो नुसता 'द्रुतगती मार्ग'. 'महा' गेला की रिक्षा जाते!

पाचपाखाडी: 'द्रुतगती'त पुनरुक्ती आहे. द्रु म्हणजे धावणं. द्रव त्यातलाच, म्हणून द्रुत म्हणजे वितळलेलंसुद्धा. मे महिन्यातलं डांबर बघा, पटेल. सरळ 'शीघ्रमार्ग' म्हणा.

बेलापूर: पुनरुक्ती कसली? ज्यावर गती द्रुत असते तो. बहुव्रीही. आणि शीघ्र म्हटलं की मला शीघ्रकवीच आठवतो.

कळंबोली: आमचे वडील ट्रकवर होते. २००२ नंतर त्यांच्या तोंडी 'जुना हायवे' आणि 'एक्स्प्रेस' एवढंच. बोरघाटात दोन्ही एकत्र येतात, तिथेही क्लीनरचा कधी गोंधळ झाला नाही. लोक बोलतात तो शब्द घ्या की.

पाचपाखाडी: मग मराठी कशाला, क्लीनरलाच अनुवाद करू दे.

कळंबोली: तुमच्यापेक्षा लवकर करेल.

बेलापूर: भांडू नका. मुद्दा वेगाचा नाहीच, चढण्या-उतरण्याचा आहे. ठरलेल्या जागीच आत शिरायचं, मध्ये चौक नाही, सिग्नल नाही. समृद्धी नागपूरपासून आपल्या भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर अशीच आहे, तरी नाव 'महामार्ग'च. सरकारी नावावरून रस्त्याची जात कळत नाही.

माजिवडेकर: मग 'बंदिस्त मार्ग'?

ऐरोलीकर: बंदिस्त म्हटलं की ठाणेकराला गटारच दिसतं.

पाचपाखाडी: 'नियंत्रित-प्रवेश मार्ग'. आणि लेखात टोल आला तर 'पथकर' लिहा.

कळंबोली: पथकर कोण म्हणतं हो? फास्टॅगमधून टोल कापतात.

पाचपाखाडी: कर म्हटलं की निदान कळतं तरी, पैसे गेले.

ऐरोलीकर: मुलुंडला कारचा टोल २०२४ मध्ये माफ झाला, तरी आम्ही 'चेकनाका'च म्हणतो.

माजिवडेकर: ब्रिटनमध्ये बहुतेक मोटरवेवर टोलच नाही. मला तो शब्द लागतच नाही. मोटरवेचं सांगा.

पाचपाखाडी: ते बघू. आधी पथकराचं होऊन जाऊ दे.