कळ आपल्या हातात

"ड्रिलचा आवाज हाडातूनच येतो, मग हेडफोन लावून काय उपयोग?" दातांच्या डॉक्टरकडे गाणी ऐकण्याबद्दलचं हे म्हणणं अर्धं खरं आहे. ती घरघर हेडफोन अडवत नाही, पण तिच्यावर दुसरा आवाज चढवता येतो. अमेरिकेत दंतवैद्य गार्डनर आणि जे. सी. आर. लिकलायडर (हो, पुढे इंटरनेटच्या पायाभरणीत होते तेच!) यांनी १९६०च्या सुमारास हेच केलं. कानाला हेडफोन, रुग्णाच्या हातात आवाज कमी-जास्त करायची कळ असलेला छोटा डबा. एरवी संगीत, दुखेलसं वाटलं की रुग्णानेच धबधब्यासारखा आवाज वाढवायचा. मला त्यातली आपल्या हातात कळ असणं हीच खरी गंमत वाटते.

माझ्या रूट कॅनालला आधी आवडती गाणी लावली, ती चूक. दोन गाण्यांमधल्या शांततेत नेमकी घरघर घुसायची. शिवाय ती गाणी आता ऐकली की लवंगेच्या तेलाचा वास येतो! पुढच्या सिटिंगला नुसता तानपुरा लावला, तोही बाहेर बाकावर बसल्यापासूनच. खंड नाही, त्यामुळे कान वाट बघत बसत नाही. इअरफोन एकाच कानात, म्हणजे "आ करा" ऐकू येतं. आणि डावा हात वर केला की थांबायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या.