किनाऱ्यावरच्या बारा घरांचं सांडपाणी: सल्ला हवाय

रावपुरेकर
मंडळी, आम्ही बडोद्यातल्या बारा कुटुंबांनी मिळून दापोली तालुक्यात, पुळणीला लागून जागा घेतली आहे. सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं) वकील बघतोय, तो विषय इथे नको. ठेकेदार दोन पर्याय देतोय: घरागणिक सेप्टिक टँक आणि खाळकुवा (सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा), नाहीतर सगळ्यांचा मिळून ब्लोअरवाला, म्हणजे विजेच्या पंख्याने सांडपाण्यात हवा सोडणारा, तयार प्लांट. पिण्याचं पाणी आवारातल्याच विहिरीचं. दिवाळी आणि मे सोडला तर तिथे फक्त राखणदाराचं कुटुंब असेल. काय करावं?

मांजलपूरची_माई
खाळकुवा करा की! आमच्याकडे ड्रेनेज येईपर्यंत तोच होता. काही बिघडलं नाही.

पाणीवाला_सिव्हिल
माई, तुमच्याकडे भूजल खोल होतं म्हणून निभावलं. किनाऱ्याच्या वाळूत पावसाळ्यात पाणी अगदी वर येतं. खड्ड्याच्या तळाखाली कोरडी माती उरली नाही की मैलापाणी गाळलं जात नाही, सरळ विहिरीकडे निघतं. आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर सांगितलंय, पण भोवती बारा खड्डे असताना तेवढ्यावर मी तरी विसंबणार नाही. रावपुरेकर, ठेकेदाराने पातळी कधी मोजली ते विचारा. मे महिन्यातला आकडा कुचकामी, ऑगस्टमधला हवा.

ब्लोअरवालाही नको. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर साठ माणसांचं दिवसाला साडेसहा हजार लिटर होतं. राखणदाराच्या घरात चार जण असतील तर साडेचारशेसुद्धा नाही. हवेवर जगणारे जिवाणू एवढ्या उपासात टिकत नाहीत. दिवाळीत तुम्ही सगळे उतरणार, आणि प्लांट रुळावर येईपर्यंत सुट्टी संपलेली!

माझं मत: गाळ बसवणारी टाकी, पुढे आडभिंतींची टाकी (बॅफल्ड रिॲक्टर), शेवटी खडीचा वाफा आणि त्यात कर्दळ. याला डीवॅट्स म्हणतात, म्हणजे सांडपाणी जागच्या जागी शुद्ध करणारी छोटी यंत्रणा. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात याच पद्धतीने पाणी शुद्ध करतात. बिनहवेच्या जिवाणूंना उपास बराच सोसतो. वाफ्याला माणशी दीड चौरस मीटर धरा, म्हणजे गुंठ्याला थोडी कमी जागा. टाक्या मात्र पाणी न झिरपणाऱ्याच हव्यात, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

मूळचा_गुहागरचा
वरच्याला दुजोरा. विजेचं तर बोलूच नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ब्लोअर कशावर चालवणार होतात?

आणखी एक, मैला उपसणारी गाडी टाकीपर्यंत पोचेल अशी वाट आत्ताच राखून ठेवा. आमच्याकडे पाखाडीतली (पायऱ्यांच्या अरुंद वाटेवरची) घरं आहेत, तिथे पाइप पुरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी गाडी लागणारच. खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, तेव्हा स्लॅग सिमेंट वापरा आणि सळीवर काँक्रीटचं आवरण जाड ठेवा. ठेकेदार इथेच हात आखडतात.

रावपुरेकर
गुंठाभर जागा निघेल. पण उघडा वाफा म्हणजे डास आणि वास? घरच्या मंडळींचा पहिला आक्षेप हाच. आणि ते पाणी भाजीला चालेल?

पाणीवाला_सिव्हिल
पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहतं, वर दिसतच नाही, त्यामुळे डासांना अंडी घालायला जागा नसते. वास टाक्यांचा येतो. झाकणं घट्ट बसवा आणि वायूची नळी छपराच्या वर न्या. भाजीला नको, रोगजंतू पूर्ण मरत नाहीत. माडांच्या आळ्यात सोडा. स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेल अडवणारी छोटी कुंडी हवी. संडासात ॲसिड ओतणाऱ्यांना आवरा. विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासा, त्यातलं एकदा भर पावसात.

आणि मेअखेरीस "स्वच्छ करून जाऊ" म्हणून टाकी रिकामी करून परतू नका. पावसात भूजल चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, जोडलेले पाइप तुटतात. गाळ काढायचा तर पावसाळ्यानंतर, आणि लगेच पाणी भरून ठेवायचं.

मांजलपूरची_माई
बरं बाई, खाळकुवा मागे घेते. पण कर्दळीला राखणदार मार्च-एप्रिलात पाणी घालणार का? तेव्हा तर कोणीच नसतं.

पाणीवाला_सिव्हिल
माई, हा प्रश्न बरोबर! त्याच्या घरचं पाणी वाफ्याच्या एकाच कप्प्यात जाईल असा झडपेने मार्ग ठेवा. तेवढी कर्दळ जगते, बाकीची पावसात पुन्हा फुटते.