जोडधंदा पूर्णवेळ केलात? काय बघून नोकरी सोडलीत? (गोव्यातले अनुभव)

म्हापसा, धागा काढणारी
11 वर्षं एका खासगी ऑफिसात हिशेब बघत होते. लोणचं आणि कोकमाचं आगळ विकायला लागले ते जेवणाच्या डब्यामुळे. चव घेतली त्याने बरणी मागितली. आता पाच वर्षं तेच काम. पण नोकरी सोडताना मी बघितली मे महिन्याची विक्री. मे म्हणजे पुरुमेंताचे दिवस, घरोघरी पावसाळ्याची बेगमी, त्या महिन्यात दगडसुद्धा खपेल! जुलैत शुक्रवारच्या बाजारात ताडपत्रीखाली बसून दिवसभरात चार बरण्या गेल्या, तेव्हा डोळे उघडले. त्या पावसात नवऱ्याच्या पगारावर घर चाललं, लपवण्यासारखं काही नाही.

तुम्ही काय बघितलंत? आकडे लिहा. ‘जिद्द ठेवा’ वगैरे नको, ते रोज सकाळी फोनवर येतंच.

मडगाव
माझ्या साड्या. सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर. फोटो टाकला की दहा मिनिटांत ‘ही माझ्यासाठी ठेव’. ठेवायची, घरी नेऊन द्यायची, आणि पैसे? ‘चवथीक दितां गो’, म्हणजे गणेशचतुर्थीला देते. चवथ येते, फळा-भाज्यांची माटोळी बांधून होते, गणपती पाण्यात जातात, पैसे काही येत नाहीत. एकदा वही जुळवली तर 68,000 रुपये बाहेर, आणि मी घरी सांगत होते धंदा मस्त चाललाय. शाळेतली कंत्राटी नोकरी सोडण्याआधी वर्षभर एकच नियम पाळला: निम्मे पैसे आधी, मग साडी. दोन वहिनी रुसल्या, नणंद अजून नीट बोलत नाही. गिऱ्हाईक मात्र तितकंसं घटलं नाही. दुसरी गोष्ट, माल मी इथल्याच घाऊक दुकानातून घेत होते, साडीमागे शंभर-दीडशे सुटायचे, ते पोचवण्याच्या पेट्रोलमध्ये जायचे. सुरतेहून थेट मागवायला लागल्यावर पहिल्यांदा नफा हातात दिसला.

डिचोली
आमचं उलटं. नोकरी मी सोडली नाही, नोकरीने मला सोडलं. खाणीत कामाला होतो. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा एकदा पोळलो होतो. परत कामावर घेतलं, पण भरवसा उरला नव्हता, म्हणून विम्याची एजन्सी घेतली: 25 तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, मग शनिवार-रविवार लोकांच्या दारात. दोन वर्षांत बऱ्यापैकी पॉलिसी झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, आपली सोय आहे.

सोय कसली! माझी गिऱ्हाइकं कोण, तर ट्रकवाले, मशीन चालवणारे, खाणीच्या ऑफिसातले कारकून. त्यांचे हप्ते थकले, पॉलिसी बंद पडल्या, माझं नूतनीकरणाचं कमिशनही गेलं. पगार आणि धंदा दोन्ही एकाच ट्रकच्या चाकावर, हे मला आधी दिसलंच नव्हतं. मग स्कूटर काढली आणि फोंड्याच्या बाजारातले दुकानदार, सरकारी कदंब बसचे ड्रायव्हर, शिक्षक असे नवे लोक धरले. सावरायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षाच्या मोठ्या कमिशनने हुरळून नोकरी सोडणारे पुष्कळ पाहिलेत. घर चालतं ते जुन्या पॉलिसींच्या कमिशनवर. ते महिन्याचा किराणा भागवतं का, एवढंच बघा.

वास्को
मी हरलेल्यांपैकी. साखळी पद्धतीची विक्री. पणजीच्या हॉटेलात सभा, टाय, टाळ्या, ‘नोकरी म्हणजे गुलामगिरी’. आठ महिन्यांत कपाटात 40,000 चे डबे, आणि लग्नकार्यात मी दिसलो की लोक जेवणाच्या रांगेत घुसायचे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम आणले, पिरॅमिड योजनांना बंदी आली, पण माझे डबे त्याआधीचे. डब्यातला माल वाईट नव्हता हो. पण बाहेरचं एकही माणूस तो दुसऱ्यांदा मागायला आलं नाही, हे मी सहाव्या महिन्यातच ओळखायला हवं होतं. परत नोकरीत आहे.

म्हापसा
वास्कोकर, हे लिहायला धीर लागतो. ‘दुसऱ्यांदा कोण आलं’ ही मोजणी मी पण वहीत सुरू करते.

वाळपई
काजूगर भाजून विकतो. नोकरी करतानाच 2020 मध्ये अन्नसुरक्षेची नोंदणी केली. तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये. जीएसटी 40 लाखांपर्यंत नाही म्हणून निर्धास्त होतो. महाराष्ट्रातल्या बांद्याच्या दुकानदाराने 50 किलोची ऑर्डर दिली, उड्या मारत सीएकडे गेलो. तो म्हणाला, सीमेवरची पत्रादेवी ओलांडलीस की दुसरं राज्य. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही असो, आधी जीएसटीची नोंदणी. आमच्याकडून बांदा पणजीएवढंही लांब वाटत नाही! नोंदणी होईपर्यंत ऑर्डर गेली. पण त्यानंतर कोल्हापूरचं गिऱ्हाईक मिळालं, आणि मग राजीनामा दिला.

मडगाव
वाळपईकर, उधारीवर देता का दुकानदारांना?

वाळपई
पहिली खेप रोख. दुसरीला 15 दिवस. तिसरीला पण 15च. चवथीबिवथीला नाही.

म्हापसा
उद्या शुक्रवार, पहाटे टेबल लावायचंय. काणकोण, पेडण्याकडचे कुणी असाल तर लिहून ठेवा, शनिवारी वाचते.