अळंबीचं औषध काचेच्या चंबूत घडवण्याचा हट्ट कशाला?

भट्टीवाला (चिंचोळी एमआयडीसी)
माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या द्यायला सोपं जाईल. प्लुरोम्युटिलिन नावाचं प्रतिजैविक १९५१ साली अळंबीत सापडलं. १९८२ मध्ये ते पहिल्यांदा प्रयोगशाळेत मुळापासून बनवलं. २०१७ मध्ये येल विद्यापीठाने नवा मार्ग काढला, २०१८ मध्ये कॅल्टेकने १८ पायऱ्यांत बसवलं. टाळ्या! पण मी बल्क ड्रगवाला, म्हणजे औषधाचा कच्चा माल टनावारी बनवणारा माणूस, मला यील्ड दिसतं, शेवटी हाती किती माल उरतो ते. दर पायरीला ८० टक्के जरी धरलं तरी १८ पायऱ्यांनंतर हाती दोन टक्केसुद्धा उरत नाही. तीच बुरशी टाकीत आंबवली की माल तयार. पेनिसिलिनही १९५७ मध्ये असंच मुळापासून बनवलंय, पण आजही ते टाकीतच बनतं. मग हा खटाटोप शोधनिबंधांपलीकडे कुणाच्या कामाचा?

रसायनी
दादा, तुम्ही कारखान्याच्या तराजूत प्रयोगशाळा तोलताय. टनावारी माल काढायला हे कुणी करतच नाही. बुरशी जो रेणू देते तोच देते. पाच, सहा आणि आठ कार्बनची कडी एकमेकांत अडकलेला सांगाडा आहे तो. तयार मालाच्या शेपटीत बदल करता येतो, लेफाम्युलिन हे औषध तसंच झालं. आतल्या कड्यांत मोठे बदल करायचे तर मुळापासूनच बांधावं लागतं. १२ नंबरच्या कार्बनवरची मांडणी उलटी केलेली रूपं काही ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी आवरणाच्या, जंतूंवरही चालतात. मूळ औषध तिथे जवळपास निकामी.

भट्टीवाला
ती उलथापालथ आंबवलेल्या मालावरही करता येते. हे तू सांगितलं नाहीस.

रसायनी
बरोबर, ते सांगायला हवं होतं. पण असे मोजकेच बदल जमतात. आठचं कडं लहान-मोठं करून बघायचं तर टाकी काय करणार?

डाळिंबकर (सांगोला)
मी रसायनशास्त्र बारावीत सोडलं, तरी बोलतो. द्राक्षावर डाऊनी रोगासाठी आम्ही अझोक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक मारतो. कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांनी सांगितलं होतं की त्याचं मूळ पाइनच्या बोंडावर उगवणाऱ्या बारक्या अळंबीत आहे. अळंबीतलं मूळ द्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून त्याची नक्कल करून टिकाऊ बनवलं. आपल्याकडच्या उन्हात तर ते दुपारपर्यंतही राहिलं नसतं. १९९६ पासून बाजारात आहे, आणि सगळं कारखान्यातच बनतं, अळंबी कुठंच नाही. मग भट्टीवाले, हा खटाटोप माझ्या कामाचा झाला की नाही?

भट्टीवाला
झाला. हे उदाहरण मला टोचलं, मान्य. पण तो रेणू साधा आहे हो, पोरखेळ म्हणा प्लुरोम्युटिलिनपुढे. रस्त्यावरची झोपडी आणि सिद्धेश्वराचा तट यांचा हिशेब एका वहीत नको.

अंबादास_धिंगरी
आमच्याकडे धिंगरी अळंबीच्या पिशव्या आहेत. प्लुरोम्युटिलिनवाल्या बुरशीच्या जुन्या नावात धिंगरीसारखंच प्लुरोटस आहे म्हणून विचारतो, धिंगरी खाल्ली तर चालेल का न्यूमोनियाला?

रसायनी
नाही. त्या बुरशीचं नाव नंतर बदललं, आता ती क्लिटोपिलस नावाच्या वेगळ्या गटात मोजतात. धिंगरी रस्सा करून खा.

डॉक्टर (सात रस्ता)
तुमचं भांडण बनवण्यावरून चाललंय, माझं दुखणं वेगळं आहे. लेफाम्युलिनला अमेरिकेत २०१९ मध्ये न्यूमोनियासाठी मंजुरी मिळाली, आणि २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनेच गाशा गुंडाळायला घेतला. औषध चांगलं, तरी खप नाही. नवं प्रतिजैविक जपून वापरायचं असतं, म्हणून ते विकलं जात नाही. रेणू १८ पायऱ्यांत बनो की टाकीत, हे गणित सुटत नाही.

डाळिंबकर (सांगोला)
जपून म्हणता, मग आम्हाला द्या की! डाळिंबावर तेल्या रोग आला की स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक मारतोच आम्ही. केंद्राने २०२१ मध्ये त्यावर बंदीचा मसुदा काढला. पर्याय काय? बाग उपटायची?

डॉक्टर (सात रस्ता)
तेल्याचा जंतू ग्रॅम-निगेटिव्ह आहे, मूळ प्लुरोम्युटिलिन त्याला बहुधा शिवणारही नाही. आणि रसायनींचं उलटं रूप चालेल असं वाटलं, तरी ते बागेत येऊ नये असंच मी म्हणेन. याच घराण्यातलं टियाम्युलिन १९७९ पासून जनावरांना देतात. सीएफआर नावाचं एक जनुक आहे, ते जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, एक छोटी खूण करतं. त्या एका खुणेमुळे प्लुरोम्युटिलिन आणि लिनेझोलिड नावाचं दुसरं प्रतिजैविक दोन्ही लागू पडत नाहीत. ते पहिल्यांदा जनावरांतल्या जंतूत सापडलं. लिनेझोलिड मी हट्टी टीबीच्या पेशंटला देतो.

डाळिंबकर (सांगोला)
डॉक्टर, तुमच्या गल्लीतलं मेडिकल चिठ्ठीशिवाय देतं तेवढं तरी आधी थांबवा. २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची नोंद ठेवायला एच-वन रजिस्टर आहे म्हणे. आमच्या फवारणीवरच डोळा का?

डॉक्टर (सात रस्ता)
त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. काल संध्याकाळीच एक पेशंट अर्धा कोर्स आपणच घेऊन आला होता.

भट्टीवाला
धागा माझा होता, अठरा पायऱ्यांचा. रसायनी, आठच्या कड्याचं बोलत होतास ते लिही. यील्ड घालून लिही.