मदत हवी आहे: शिसवीची भुकटी शिवणीच्या पट्टीत शिरते

नमस्कार मंडळी,

लेथवर लाकडी पेनं करतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात शिसवीचे उरलेसुरले तुकडे मिळतात, शिवणीच्या फिकट लाकडाची एक जुनी फळी घरातच होती. शिसवीचा चौकोनी तुकडा तिरका कापून मध्ये शिवणीची पातळ पट्टी चिकटवतो, मग ७ मिमीचं भोक पाडून पितळी नळी बसवतो.

कातून होईपर्यंत जोड झकास दिसतो. १५० नंबरचा पॉलिश पेपर लावला की संपलं. शिसवीची जांभळट भुकटी शिवणीच्या छिद्रांत बसते आणि पट्टी बिडीच्या धुरात ठेवल्यासारखी कळकट होते. स्पिरिटने पुसलं तर डाग आणखी पसरतो.

आधी सुपरग्लूचा हात मारावा का? मला शेवटी काचेसारखी चकाकी नकोय, हाताला लाकूड लागलं पाहिजे. शिवाय ड्रिल करताना जोड मध्येच सुटतो, तोही सुपरग्लूनेच चिकटवलेला असतो.

प्रतिसाद १
स्पिरिट बंद करा, शिसवीचा रंग त्यात विरघळतो. चपड्याचं पॉलिशही स्पिरिटमध्येच कालवलेलं असतं, त्यामुळे तेही नको, निदान पहिला हात तरी.

मुळात १५० सारखा खरखरीत पेपर लावायची वेळ का येते? तिरक्या धारेची पटाशी नीट परजा, शेवटचा हात अगदी हलका घ्या आणि थेट ३२० पासून सुरू करा. त्याआधी पातळ सुपरग्लू फक्त पट्टीवर सोडा. वाळला की वरचा थर घासून निघतो, छिद्रं मात्र भरलेली राहतात, म्हणजे चकाकीचा प्रश्न नाही. प्रत्येक नंबरचा शेवटचा हात लेथ थांबवून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मध्ये भुकटी फुंकून काढा, फडक्याने चोळू नका. आणि मास्क लावा हो, शिसवीची धूळ बऱ्याच जणांना बाधते.

जोडासाठी सावकाश वाळणारं इपॉक्सी. सुपरग्लू ठिसूळ, ड्रिलच्या उष्णतेने सुटतो. शिसव तेलकट असते, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्या. बिट सारखं बाहेर काढत, दमाने भोक पाडा.

प्रतिसाद २
शिवणीचा हट्ट नसेल तर हेदू बघा, काही जण हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं लाकूड, त्यामुळे भुकटी कमी धरतं. शिसवीशेजारी दिसतंही छान.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. इपॉक्सी उद्याच आणतो. हेदू पुण्यात सुटं, छोट्या तुकड्यांत कुठे मिळेल?