मदत हवी आहे: ऑनर्स प्रोजेक्टसाठी गाईड सर ३८४ सॅम्पल मागायलेत, मोंढ्यात दुकानंच तेवढी नाहीत

कयाधूकाठ (रात्री ११:५२)
नमस्कार मंडळी, तातडीने मदत पाहिजे. सोमवारी सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) द्यायचा आहे आणि सरांनी आज तिसऱ्यांदा परत केला. म्हणायलेत की सॅम्पल ३८४ पाहिजे, थिअरी पाहिजे, रिसर्च गॅप (आधी कोणी न अभ्यासलेली जागा) दिसत नाही. माझी प्रश्नावली तयार आहे, ४२ प्रश्न आहेत, गूगल फॉर्मपण करून झाला. एवढे लोक कुठून आणू? कोणाकडे मंजूर झालेला सिनॉप्सिस असेल तर टाका, नाहीतर डेटा कुठे तयार मिळत असेल तर सांगा. लवकर सांगा प्लीज.

पूर्णा_जंक्शन
अरे पण विषय काय आहे? कोर्स कोणता? प्रोजेक्ट पदवीचा आहे का एमबीएचा? काहीच सांगितलं नाहीस आणि उत्तर लवकर पाहिजे.

हिंजवडीतला_परभणीकर
मी हे सगळं केलेलं आहे म्हणून सांगतो, सर्व्हेच्या नादी लागू नको. एक चालणारं ॲप बनव, गिटहबवर टाक. मुलाखतीत कोणी सॅम्पल साईज विचारत नाही, काय बनवलं ते विचारतात.

कयाधूकाठ
सॉरी, घाईत राहिलं. चौथं वर्ष, ऑनर्स विथ रिसर्च, बिझनेस आयटी. विषय "अडत दुकानांमधील संगणकीय हिशोब प्रणालीचा स्वीकार". हिंगोली जिल्ह्यातला मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार; अडत दुकानं तिथं शेतकऱ्याचा माल विकून देतात. ॲप बनवायला मी तयार आहे, पण सर म्हणतात ॲप म्हणजे संशोधन नाही.

तेरणा
चौथ्या वर्षाला रिसर्चवाला पर्याय पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तरच मिळतो. तेवढे आहेत ना? यूजीसीच्या आराखड्यात या प्रोजेक्टला १२ क्रेडिट आहेत, ज्यांना प्रोजेक्ट नको त्यांना तेवढ्याच क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात. आणि हे वर्ष वाया नाही, पुढे एम.ए., एम.कॉम. एका वर्षात होतं. नेट परीक्षेलासुद्धा चार वर्षांची पदवी आणि ७५ टक्क्यांवर बसता येतं. माझ्या भाचीला कोणीच वेळेत सांगितलं नाही, म्हणून सगळ्यांना सांगत असते.

कयाधूकाठ
ताई, माझं ॲडमिशन झालंय, ७८ टक्के आहेत. मला ३८४ चं सांगा कोणीतरी.

आकडेमोड_शिक्षिका
मी सांगते. ३८४ हा आकडा आभाळातून पडलेला नाही. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक चालेल असं धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६. पण हे गणित समूह प्रचंड मोठा असतो तेव्हाचं आहे. संपूर्ण महाराष्ट्रातले यूपीआय वापरणारे असा विषय असता तर ठीक होतं. तुमच्या मोंढ्यात चालू दुकानं किती?

कयाधूकाठ
६० च्या आसपास. बाजार समितीत विचारून घेतलंय.

आकडेमोड_शिक्षिका
मग झालं की. लहान समूहासाठीची दुरुस्ती लावा: ३८४ भागिले (१ अधिक ३८३ भागिले ६०). ५२ येतात. सॅम्पल ठरवायच्या यामाने यांच्या सूत्राने काढलं तरी ५२ च. आणि ६० पैकी ५२ ठिकाणी जायचंच आहे तर उरलेली ८ दुकानं कशाला सोडायची? साठही दुकानं घ्या. मग ती नमुना पाहणी राहतच नाही, ती होते पूर्ण गणना, आणि सॅम्पलचा वादच मिटतो. सरांपुढे हे अर्ध्या पानात मांडा. "तेवढे लोक मिळत नाहीत" असं म्हणू नका, ती तक्रार वाटते. "समूहच ६० चा आहे" म्हणा, तो युक्तिवाद होतो.

पीएलएस_प्रेमी
एवढी कटकट कशाला? स्मार्टपीएलएस हे सॉफ्टवेअर घ्या. लहान सॅम्पल चालतं. दहापट नियम आहे: मॉडेलच्या आकृतीत एका घटकाकडे जास्तीत जास्त जितके बाण येतात त्याच्या दहापट प्रतिसादक. यूटॉट मॉडेल (लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात ते सांगणारं) लावलं तर वापरायच्या इच्छेकडे तीन बाण, म्हणजे ३० पुरले. माझा एम.फिल.चा सगळा डेटा ८० चा होता.

आकडेमोड_शिक्षिका
हा नियम विद्यार्थ्यांना सांगू नका हो. त्याच्यावर पुष्कळ टीका झालेली आहे. परिणाम मोठा असेल तरच एवढ्या लहान संख्येत दिसतो, मध्यम असेल तर हातातून निसटतो आणि पोरगं लिहून मोकळं होतं की "परिणाम नाही". ५२ माणसांना ४२ प्रश्न विचारून घटक विश्लेषण करणं म्हणजे निष्कर्षाच्या नावाखाली गोंगाट मोजणं. सॉफ्टवेअर बदललं म्हणून माणसं वाढत नाहीत.

पीएलएस_प्रेमी
मग जर्नलमध्ये एवढे पेपर येतात ते सगळे चूक का? मी तर म्हणेन मार्गदर्शकांना जे कळतं त्यात काम करावं, पोराला पास व्हायचंय.

आकडेमोड_शिक्षिका
पास व्हायचंय हे मान्य. पण १२ क्रेडिट म्हणजे अख्ख्या वर्षातला मोठा तुकडा आहे. तो खोटा करू नये एवढंच माझं म्हणणं.

पूर्णा_जंक्शन
कयाधूकाठ, एक सांग, प्रश्नावली भरणार कोण? मालक का मुनीम?

कयाधूकाठ
मालक. त्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवणार होतो.

मोंढ्यातला
इथं मला बोलावंच लागेल, आमच्या घरी दोन पिढ्यांची अडत आहे. लिंक भरून देईल असा एकही अडत्या मला माहीत नाही. आणि भरली तरी उपयोग नाही, कारण सॉफ्टवेअर विकत घेतो मालक आणि त्याच्यावर बसतो मुनीम. मालकाला विचाराल "वापरायला सोपं आहे का", तर तो म्हणेल लई सोपं. त्यानं कधी हातच लावलेला नसतो.

दुकानात खरं काय चालतं ते सांगतो. बीट (लिलाव) सुरू झालं की माणूस ढिगामागं पळत असतो, धूळ उडत असते, तिथं कॉम्प्युटर कोण घेऊन जाणार? भाव कच्च्या चोपडीवर पडतो. काटा झाला की पोती आणि वजन त्याच चोपडीवर. हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याला हिशोबपट्टी तिथल्या तिथं हाताने लिहून द्यावी लागते, कारण त्याला संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं जायचं असतं. मग रात्री आठ-नऊला मुनीम तेच सगळं टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवतो. म्हणजे एकच हिशोब दोनदा. आणि शेतकऱ्याला दिलेली उचल (आगाऊ पैसे) तर वेगळ्याच वहीत असते, ती बऱ्याच दुकानात कॉम्प्युटरवर येतच नाही. का येत नाही ते विचार. उचलीवर शेतकरी त्या दुकानाला बांधलेला असतो, ती वही मालकाच्या गल्ल्याखाली असते.

आकडेमोड_शिक्षिका
तुमचा रिसर्च गॅप हा आहे. वर लिहिलेलं पुन्हा वाचा.

यूटॉट २००३ चं आणि त्याच्या आधीचं डेव्हिस यांचं टॅम हे तंत्रज्ञान स्वीकाराचं मॉडेल १९८९ चं. टॅमचा सगळा भर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या इच्छेवर आहे. यूटॉटमध्ये ऐच्छिकता हा घटक आहे, पण तिथेही प्रश्न "वापरण्याचा इरादा आहे का" हाच. तुमच्या मोंढ्यात इरादा एकाचा आणि हात दुसऱ्याचा. मुनीमाला नको म्हणायची सोयच नाही. तरीही तो चोपडी सोडत नाही. स्वीकार झाला म्हणायचं का नाही? हा प्रश्न मला तरी ४२ खुणांच्या प्रश्नावलीपेक्षा फार मोठा वाटतो.

वसमतकर
मोंढ्याचा विषय निघालाच आहे म्हणून हळदीचं विचारतो, यंदा ओली हळद शिजवून वाळवायला किती दिवस धरायचे? आमच्याकडे कुकरवाल्याला नंबर लावावा लागतो. आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पट्टीवर त्याचा उल्लेख कुठंच नसतो, त्यावरही कोणीतरी प्रोजेक्ट करा.

मोंढ्यातला
दादा, शिजवण्याचं वेगळ्या धाग्यात घ्या. पट्टीवर मानांकनाचं मात्र खरं आहे, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या नावापुढं तसा रकानाच नाही.

हिंजवडीतला_परभणीकर
मग बघा, ॲपच पाहिजे! ढिगाजवळ मोबाईलवर बोलून भाव नोंदवता येईल असं. चोपडी संपली.

पूर्णा_जंक्शन
ई-नाम, म्हणजे केंद्राचा ऑनलाइन कृषी बाजार, १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालं, त्यातही लिलाव स्क्रीनवर आणायचाच विचार होता. ॲप बनवणं हे संशोधन होऊ शकतं, हेव्हनर वगैरे संशोधकांनी २००४ मध्ये त्याची पद्धतच मांडली आहे. पण त्यात बनवलेली वस्तू खऱ्या जागी वापरून तपासावी लागते. एका सेमिस्टरमध्ये बनवणं, मोंढ्यात वापरायला लावणं आणि मोजणं, एकट्या पोराला झेपेल का? आधी चोपडी का टिकली ते कळू दे. न कळता बनवलेलं ॲप दुसऱ्या दिवशी बंद पडेल.

हिंजवडीतला_परभणीकर
झेपत नाही असं आधीच का म्हणायचं? पण ठीक, खऱ्या जागी तपासायला पाहिजे हे पटतं.

कयाधूकाठ
मंडळी, खरं सांगतो, मी तीन महिने चुकीच्या माणसाला विचारायच्या तयारीत होतो. पण आता ४२ प्रश्नांचं काय करू? सर म्हणतात प्रश्न तयार मॉडेलमधूनच घ्यायचे, स्वतःच्या मनाने नाही.

आकडेमोड_शिक्षिका
सरांचं बरोबर आहे, त्यात त्यांना दोष देऊ नका. मापनपट्टी तयार घ्यावी. फक्त भाषांतर शब्दाला शब्द करू नका. "कामगिरी अपेक्षा" असं छापलंत तर मुनीम तुमच्याकडे बघत बसेल. "कॉम्प्युटरमुळं पट्टी लवकर निघते का?" असं विचारा. मग दुसऱ्या कोणालातरी ते मराठी वाक्य परत इंग्रजीत करायला सांगा आणि मूळ प्रश्नाशी ताडून बघा. प्रश्न १८ वर आणा. आधी शेजारच्या तालुक्यातल्या ८-१० मुनीमांवर करून बघा, स्वतःच्या साठातले खर्ची घालू नका. क्रॉनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.७ च्या वर पाहिजे हे सगळ्यांना पाठ असतं, पण दहा माणसांवरचा अल्फा भरवशाचा नसतो. ती चाचणी भाषा अडते कुठं ते बघायला.

आणि त्यासोबत पाच-सहा दुकानांत दिवसभर बसा. कधी लिहिलं, कधी चढवलं, मध्ये किती चुका सापडल्या, ते टिपा. प्रबंधात जीव तिथून येईल.

पीएलएस_प्रेमी
मोजणीसाठी जामोव्ही वापर, फुकट आहे. हे मात्र माझं ऐक.

पूर्णा_जंक्शन
गूगल फॉर्मऐवजी कोबो टूलबॉक्स घे. मोबाईलवर नेट नसताना भरता येतं, रेंज आली की जातं. मोंढ्यात शेडखाली रेंजचा भरवसा नसतो. आणि उलाढालीचा आकडा विचारू नकोस. आयकरवाला समजतील आणि दार बंद होईल. दुकानाचं नाव कुठेच छापायचं नाही, हे लेखी दे.

कयाधूकाठ (मंगळवार, सकाळी ९:१०)
सरांनी सही केली! साठ दुकानं, १८ प्रश्न, सहा दुकानांत बैठक. ३८४ चं अर्धं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले हे प्रकरण तीनमध्ये असंच ठेव. एक अट घातली: दर पंधरा दिवसांनी वही घेऊन यायचं, तोंडी सांगायचं नाही. ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक अडचण आहे. मुनीम लोक मोबाईलवर रेकॉर्डिंग करू देत नाहीत, एकानं फोनच उलटा ठेवायला लावला.

आकडेमोड_शिक्षिका
नाही म्हणाला तर नाही. संमतीत नकारही धरलेला असतो. हाताने टिपा घ्या आणि त्याच रात्री सविस्तर लिहून काढा, सकाळपर्यंत अर्धं विसरतं.

मोंढ्यातला
बोलायला आत्ता जा, आवक कमी आहे तोवर. एप्रिल-मेमध्ये हळद उतरली की मुनीम मान वर करणार नाही, तेव्हा फक्त बघायला जा, बोलायला नको. आणि लक्ष्मीपूजनाला आमच्या दुकानात ये. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागतं आणि शेजारी नवी कोरी चोपडीपण पूजली जाते, ते डोळ्यानं बघ. वडिलांशी बोललोय. म्हणाले, पोराला सांग उचलीची वही दाखवणार नाही, पण ती का ठेवतो ते सांगेन.