१२१ अंशांना ३ मिनिटं की ९० अंशांना १० मिनिटं? बोट्युलिनम एकच, मग आकडे दोन कसे?

कोकणमेवा

लहान प्रक्रिया उद्योगासाठी एचएसीसीपीचा (अन्नातले धोके ओळखून ते कुठे रोखायचे हे ठरवण्याच्या पद्धतीचा) आराखडा तयार करायचा आहे. उत्पादनं तीन: डबाबंद आमरस, रिटॉर्ट पाउचमधली (पाकिटात भरून दाबाखाली १०० अंशांच्या वर तापवलेली) फणसाची भाजी आणि शिजवून व्हॅक्यूम पॅक केलेली, फ्रिजमध्ये ठेवायची कोळंबी. धोक्यांच्या रकान्यात तिन्हींपुढे 'क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम', म्हणजे अन्नात जीवघेणं विष बनवणारा जीवाणू, असंच लिहिलं आहे.

अडचण आकड्यांची आहे. एक मार्गदर्शिका म्हणते १२१.१ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं, दुसरी म्हणते ९० अंशांना १० मिनिटं पुरे. एकीकडे लिहिलंय की १० अंशांखाली हा वाढत नाही, दुसरीकडे ३ अंशांनाही वाढतो. जीनोमवरचं वाचायला घेतलं तर ए, बी, ई, एफ, मग ए१, ए२, ए३, आणि त्यावर पुन्हा 'गट १', 'गट २'. विषाचा प्रकार कळला की गट कळतो का? आणि प्रयोगशाळेचा पीसीआर (जनुक शोधणाऱ्या चाचणीचा) अहवाल 'बी पॉझिटिव्ह' आला तर त्यातून नेमकं काय समजायचं?

---

जीवाणूगिरी

नाव विषावरून पडलंय, कुळावरून नाही. घोळाचं मूळ तिथे आहे.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीला आलेले वादक हॅम खाऊन आजारी पडले, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्यातून हा जीवाणू वेगळा केला. त्यानंतर जो जीवाणू हे मज्जाविष बनवताना सापडेल त्याला तेच नाव चिकटत गेलं. जीनोम ताडून पाहायची सोय तेव्हा नव्हती. आता आहे, आणि दिसतं असं की या एका नावाखाली किमान चार वेगळ्या प्रजाती कोंबल्या आहेत. दोन जीवाणूंना एका प्रजातीत घालायला जीनोममध्ये साधारण ९५ टक्के साम्य लागतं. गट १ आणि गट २ त्याच्या आसपासही नाहीत.

तुमचे दोन आकडे या दोन गटांचे आहेत.

गट १ प्रथिनं पचवतो. विष ए, बी किंवा एफ. बीजाणू, म्हणजे जीवाणूचं सुप्त रूप, भलतेच चिवट: १२१.१ अंशांना त्यांची संख्या एक दशांशावर यायला सुमारे ०.२१ मिनिट लागतं. अशी घट बारा वेळा व्हायला हवी असा डबाबंदीचा जुना दंडक, म्हणजे २.५२ मिनिटं. तेच वर ढकलून ३ केलं आहे. पण हा गट १० अंशांखाली वाढत नाही, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली नाही, आणि पाण्याच्या भागात १० टक्के मीठ असलं तरी नाही. याचा सख्खा भाऊ म्हणजे क्लो. (क्लोस्ट्रिडियम) स्पोरोजेनिस. विष बनवत नाही, बीजाणू मात्र तितकेच दणकट, किंबहुना थोडे अधिकच. म्हणून रिटॉर्टची चाचणी त्याच्या पीए ३६७९ या वाणावर घेतात, खऱ्या बोट्युलिनमवर कुणी घेत नाही.

गट २ प्रथिनं पचवत नाही. विष बी, ई किंवा एफ. बीजाणू त्यामानाने नाजूक, ९० अंशांना १० मिनिटांत दहा लाखांतला एक उरतो. मीठ ५ टक्के आणि पीएच ५ इथेच तो थांबतो. मात्र थंडीला दाद देत नाही, ३ अंशांनाही हळूहळू वाढतो. आणि प्रथिनं कुजवत नसल्याने वास येईलच याची खात्री नाही. गट १ ने नासलेला डबा बऱ्याचदा फुगतो, घाण मारतो. गट २ चं पाकीट दिसायला-हुंगायला ठीक असू शकतं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या ग्रेट लेक्स भागात व्हॅक्यूम पॅकमधल्या धुरावलेल्या माशांनी माणसं गेली, ते विष ई होतं. तुमच्या कोळंबीसाठी लक्षात ठेवायचं प्रकरण ते.

आता विषावरून गट कळतो का. नाही. बी आणि एफ दोन्ही गटांत आहेत. कारण विषाचं जनुक फिरतं. गट १ मध्ये ते कधी गुणसूत्रावर असतं, कधी प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनए-वलयावर. १९२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉख मरी इथे बदकाच्या मांसाच्या पेस्टने ८ माणसं दगावली. त्या ए३ (विष ए चा एक उपप्रकार) वाणाचा जीनोम वाचल्यावर विषजनुक प्लाझ्मिडवर निघालं. उलट २००७ मध्ये पूर्ण वाचलेला पहिला जीनोम, हॉल ए वाणाचा, सुमारे ३८.९ लाख बेस जोड्यांचा. त्यात ए१ गुणसूत्रावरच आहे.

विष ई ची तऱ्हा तर पाहण्यासारखी. त्याचं जनुक 'रार-ए' नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या मधोमध घुसलंय, रार-एचे दोन तुकडे झालेत. पण बाहेरून आलेल्या पट्ट्यानेच रार-एची एक अखंड प्रत सोबत आणली, म्हणून पेशीचं काम अडलं नाही. हीच घुसखोरी, हुबेहूब त्याच जनुकात, क्लो. ब्युटिरिकम या निराळ्या प्रजातीतही आढळते.

---

पाणथळ

गट ३ राहिला. विष सी, डी आणि त्यांची मिश्रणं, बहुतेक पक्षी आणि गुरांचा आजार. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानात सांभर सरोवरावर १८ हजारांहून अधिक पक्षी मेले, तो हाच. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान पक्कं केलं. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या खाऊन पुढचा पक्षी मरतो. म्हणून मढी उचलणं हाच पहिला उपाय.

इथे विषाचं जनुक फाजवर असतं, म्हणजे जीवाणूत मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूवर. प्रयोगशाळेत पिढ्या वाढवत नेल्या की फाज निसटतो आणि विष बंद. जीवाणू तोच, पण व्याख्येनुसार तो आता बोट्युलिनम राहत नाही! जीनोमने पाहिलं तर हा गट क्लो. नोव्हीच्या घरातला. गट ४ म्हणजे विष जी, अर्जेंटिनातल्या मातीतून आलेला. त्याला क्लो. अर्जेंटिनेन्स असं वेगळं नाव केव्हाच मिळालं.

---

काचपट्टी

पीसीआरबद्दल. 'बी पॉझिटिव्ह' याचा अर्थ बी चं जनुक तिथे आहे, इतकाच. विष बनतंय असं नाही. बऱ्याच ए१ वाणांत बी चं जनुक असतं पण मुकं: मध्येच थांब्याचा संकेत आल्याने प्रथिन अर्धवट राहतं. अशा वाणाला ए१(बी) असं कंसात लिहितात. पीसीआर ए आणि बी दोन्ही दाखवतो, विषाच्या चाचणीत फक्त ए मिळतं. त्यामुळे अहवालात 'जनुक आढळले' आणि 'विष आढळले' हे दोन रकाने वेगळे आहेत का ते आधी बघा. आणि बी दिसला म्हणून गट ठरत नाही, तो वेगळा विचारून घ्या.

उलटी चूकही होते. प्रयोगशाळा अंड्याच्या बलकाच्या माध्यमावर लायपेजची (स्निग्ध पदार्थ तोडणाऱ्या विकराची) झळाळी शोधते, कारण बोट्युलिनम ती देतो. क्लो. ब्युटिरिकम देत नाही, तेव्हा विष ई बनवणारं वाण 'हा तो नव्हे' म्हणून बाजूला पडू शकतं. ही पुस्तकी भीती नाही. १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले, संशय शेवेवर होता आणि जीवाणू म्हणून क्लो. ब्युटिरिकमचं नाव पुढे आलं. उद्रेक 'संशयित' म्हणूनच नोंदला आहे.

उपप्रकार म्हणजे ए१, ए२ वगैरे: विषाच्या प्रथिनात अमिनो आम्लांचा फरक किमान २.६ टक्के असेल तर नवा आकडा देतात. ए१ आणि ए२ मध्ये सुमारे १० टक्के फरक आहे. एकूण चाळिसाहून अधिक उपप्रकार झालेत. साथीचा माग काढायला त्यांचा उपयोग, तुमच्या रिटॉर्टला शून्य.

सार्वजनिक साठ्यातले जीनोम उतरवून तुलना करणार असाल तर नावाच्या पाटीवर विसंबू नका. 'स्पोरोजेनिस' पाटीखाली बोट्युलिनम आणि उलटही सापडतं. आधी सगळ्या जीनोमचं परस्पर साम्य मोजा, वंशवृक्ष काढा, मगच विषजनुक शोधा. आखूड वाचनांतून (डीएनएचे छोटे तुकडे वाचून) जुळवलेल्या जीनोममध्ये विषजनुकाभोवतीचा भाग नेमका तुटतो, मग ते प्लाझ्मिडवर की गुणसूत्रावर हे सांगता येत नाही. एकाच वाणात दोन विषजनुकं असली तर दोघांचे सारखे भाग एकमेकांत मिसळतात आणि खोटा 'नवा उपप्रकार' उगवतो. तिथे लांब वाचनंच हवीत.

---

कोकणमेवा

म्हणजे तीन उत्पादनांपुढे तीन वेगळ्या ओळी. कोळंबीत सध्या मीठ २ टक्के आहे आणि ओलावा ७२ टक्के. मीठ वाढवून भागेल का?

---

शीतसाखळी

हिशोब पाण्याच्या भागाचा करायचा: मीठ भागिले (मीठ + ओलावा), गुणिले १००. तुमचं २ भागिले ७४, म्हणजे २.७ टक्के. फ्रिजच्या थंडीच्या जोडीला लागतं ३.५ (वरचे ५ टक्के हे एकट्या मिठाने थांबवायचे), आणि तेही प्रत्येक कोळंबीच्या आतपर्यंत. ७२ टक्के ओलाव्याला मीठ २.७ टक्क्यांवर न्यावं लागेल. चव सांभाळणं कठीण.

दुसरा रस्ता म्हणजे पाकीट बंद केल्यावर गाभ्याला ९० अंश, १० मिनिटं. 'बंद केल्यावर' हे महत्त्वाचं. आधी शिजवून मग हाताने भरलं तर बीजाणू पुन्हा आत जायला मोकळे. घड्याळ पाण्याचं तापमान ९० झाल्यावर नाही, सगळ्यात जाड पाकिटाच्या मध्यातली थर्मोकपल ९० दाखवेल तेव्हा सुरू करा. एक खाचखळगा: लायसोझाइम (जीवाणूचं कवच तोडणारं विकर) असलेल्या पदार्थात, खेकड्याच्या मांसात विशेषतः, उष्णतेने अर्धमेले झालेले बीजाणू पुन्हा रुजतात आणि तिथे हा आकडा कमी पडतो. कवचवाल्या प्राण्यांसाठी पडताळणी करूनच घ्या. शिवाय ९० अंशांनी गट १ मरत नाही, तो पाकिटात जिवंतच आहे. त्याला फक्त थंडी रोखते. दुकानातला फ्रिज रात्री बंद ठेवतात तिथे हा माल देऊ नका.

फणसाची भाजी कमी आम्लाची, तिथे गट १ आणि १२१ चाच हिशोब. ३ मिनिटं हा तळ समजा. नासवणारे बीजाणू याहून चिवट असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या वर जातात. फसतं कुठे: पाउचमध्ये राहिलेली हवा उष्णता अडवते, जास्त भरलं की मध्य जाड होतो, आणि गऱ्यांचे तुकडे चाचणीच्या वेळी लहान अन् हंगामात मोठे कापले जातात. तुकड्याची कमाल जाडी आराखड्यातच लिहा. रिटॉर्टनंतर थंड करायचं पाणी क्लोरिनयुक्त हवं, कारण गरम सील क्षणभर पाणी आत ओढू शकतं.

आमरसाला पीएचच राखतो. पण खूप पिकलेल्या आंब्याचा रस ४.६ ओलांडू शकतो, म्हणून प्रत्येक खेपेला मोजून सायट्रिक आम्ल घाला आणि ४.२ च्या आसपास आणा. मीटर रोज ४ आणि ७ च्या द्रावणांवर लावून घ्या. नमुना आम्ल नीट ढवळल्यावरचा घ्या, पिंपाच्या वरच्या थरातला नको.

---

कोकणमेवा

मीठ वाढवणं रद्द. पाकिटात ९० अंश जमेपर्यंत कोळंबी उणे १८ वर गोठवूनच विकायची असं दिसतंय.

---

शीतसाखळी

चालेल. लेबलवर ठळक छापा: फ्रिजमध्येच वितळवा, आणि वितळवायच्या आधी पाकीट कापून उघडा. व्हॅक्यूम तसाच ठेवून दोन दिवस फ्रिजमध्ये वितळत पडलेलं पाकीट म्हणजे गट २ ला हवं ते सगळं हातात दिल्यासारखं.